प्रणितचं सुटं तिकीट

युरोपात फिरायला जायचं तर रेल्वेचा पास घ्यावा की सुटी तिकिटं काढावीत, हे विचारायला माझ्याकडे आठवड्याला एखादं जोडपं येतंच. शहापुरात एसटी स्टँडसमोर माझं तिकीट बुकिंगचं छोटं ऑफिस आहे. पूर्वी लोक शिर्डी विचारायचे, फार तर केरळ. आता डॉक्टर येतात, वीटभट्टीवाले येतात, हायवेला जमीन गेलेले येतात, आणि सगळ्यांना स्वित्झर्लंड हवं असतं. खुर्चीत बसायच्या आधीच त्यांना कोणी तरी सांगून ठेवलेलं असतं की पासच घ्या. मग मी विचारते, रोज गाडीत बसणार आहात की एका गावी पाय पसरून राहणार आहात? राहणार असाल तर सुटी तिकिटं आधीच काढून ठेवा, स्वस्त पडतात, फक्त ती गाडी चुकली की तिकीट गेलं. सकाळी उठून कुठे जायचं ते ठरवणारे असाल तर पास. पासावर कुठून कुठे असं काही नसतं. वाटेल तिथे चढा, वाटेल तिथे उतरा.

हे मी पोपटासारखं बोलते आणि एक गोष्ट दर वेळी गाळते. माझा भाऊ पासावर असताना गेला.

प्रणित माझ्याहून धाकटा. हॉटेल मॅनेजमेंट करून व्हिएन्नाला एका हॉटेलच्या किचनमध्ये लागला होता. पहिली मोठी सुट्टी मिळाली तेव्हा पास की तिकीट हे त्याने मला विचारायला हवं होतं, माझा धंदाच तो. विचारलं बाबांना. मला चांगलाच राग आला होता. आमच्या बाबांनी, म्हणजे कुंडलिकरावांनी, आसनगाव ते मुंबई अशी सगळी नोकरी पासावर केली. निवृत्त झाले तरी दर महिन्याला पास काढतात, जायचं कुठेच नसतं. खिशात पास असला की माणूस कोणाचा मिंधा नाही, असं त्यांचं ठाम मत. त्यांनी पोराला सांगितलं की पास घे, तिकिटाच्या भानगडीत पडू नको.

त्याने घेतला. रोज नव्या गावाचा फोटो यायचा. मग एके दिवशी व्हिएन्नाहून झ्युरिकला जाणाऱ्या गाडीत तो खिडकीशी बसला, काचेला डोकं टेकवून झोपला, आणि झ्युरिकला सगळी गाडी रिकामी झाली तरी उठला नाही. हृदय बंद पडलं, असं कळवलं. कधी, ते कोणालाच सांगता आलं नाही. वाटेत डोंगर, बोगदे, देशांच्या हद्दी. आपला माणूस कुठल्या गावात गेला हेसुद्धा आम्हाला माहीत नाही.

विमानाने पेटी आली. नदीकाठी अग्नी दिला, दहावं-तेरावं झालं, पाहुणे गेले. आणि मग आईने, सुंदराबाईने, भांडी घासता घासता मला सांगितलं की नुसतं अंग आलंय, तो आला नाही.

मी भुतंखेतं मानत नाही. आई मानते, आणि तिच्याशी वाद घालण्यात माझं निम्मं आयुष्य गेलंय. पण हे वेगळंच होतं. भर दुपारी ती हातातलं काम टाकून अंगणाकडे बघत राहायची. विचारलं तर एकच सांगायची.

"येतो गो. दारावरनं जातो. उतरत नाय."

मी तिला डॉक्टरकडे नेलं, गोळ्या आणल्या. गोळ्या ती मुकाट्याने घ्यायची आणि दुपारी पुन्हा अंगणाकडे बघायची. बाबा पासाचं पाकीट शर्टाच्या खिशातून काढून पँटच्या खिशात ठेवायचे, पुन्हा शर्टाच्या.

त्यानंतर एकदा मी कामासाठी कल्याणला निघाले होते. आसनगावला फलाटावर उभी होते. नाशिककडून एक्स्प्रेस आली, ती तिथे थांबत नाही, धडधडत निघून जाते. खिडक्या पळत होत्या. त्यातल्या एका खिडकीत प्रणित होता. काचेला डोकं टेकवलेलं, तोंड किंचित उघडं, लहानपणी झोपायचा तसाच. मी स्वतःला बजावलं की हे मनाचे खेळ आहेत, दुःखात होतं असं. कल्याणचं काम तसंच ठेवून घरी आले.

त्या हिवाळ्यात म्हशाच्या जत्रेला आई माहेरी निघाली, तिच्या सोबत मी. म्हसा तिचं गाव. मुरबाडला रेल्वे नाही, त्यामुळे तिकडच्या माणसांचं सगळं जाणं-येणं एसटीने आणि जीपने. मुरबाडच्या स्टँडवर आम्ही उभ्या होतो, तेवढ्यात कल्याणची जीप भरून निघाली. मागच्या काचेला एक डोकं टेकलेलं. जीप वळली तसं ते डोकं काचेवर हललं, पण जाग आली नाही. आईने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

तिने विचारलं, दिसला ना? मी म्हणाले, नाही. तिने माझ्याकडे बघितलं आणि मनगट सोडलं. तिला खोटं कळतं.

म्हशाला पोचल्यावर तिने हे सगळं धाऊमामाला सांगितलं. मामा तिचा थोरला भाऊ, जत्रेत बैल बघून नुकताच आला होता. त्याला यात नवल काहीच वाटलं नाही. तो म्हणाला की आपल्याकडे बाहेरगावी गेलेल्या माणसाला तिकीट काढून आणतात, तुम्ही आणलं नाही, मग तो येणार कसा? त्यांचा बाप, म्हणजे माझे आजोबा, कल्याणच्या दवाखान्यात वारले. मढं गाडीने आणलं, पण दुसऱ्या दिवशी मामा परत गेला, आजोबांचं धोतर मांडीवर घेऊन एसटीत बसला आणि कंडक्टरकडे कल्याण ते मुरबाड अशी दोन तिकिटं मागितली, एक स्वतःचं, एक आजोबांचं. शेजारची जागा मोकळी ठेवली. कंडक्टर इकडचाच होता, त्याने एका शब्दाने विचारलं नाही. घरी आल्यावर आजीने दारातच तिकिटं फाडली. प्रवास संपला, आता आत ये, असा त्याचा अर्थ.

आईने परतीच्या एसटीत पक्कं केलं. प्रणितला आणायचं.

शहापुरात आल्यावर आमच्या घरात जे सुरू झालं त्याला भांडण म्हणावं की नियोजन, मला कळत नाही. बाबांनी ताबडतोब सांगितलं की आणायला मीच जाणार, एकटा. त्याला पास घ्यायला मी सांगितलं, आता मीच जातो, म्हणाले. त्यांचा पासपोर्ट तयार होता, प्रणित त्यांना बोलवणारच होता. मी नाही म्हणून बघितलं. या वयात, एकट्याने, परक्या मुलखात, तेही कशासाठी? बाबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं की व्हिसाला कागद कुठले लागतात. मी वैतागले. पण घरात माणूस असं वाळत चाललेलं बघण्यापेक्षा एकदाचं जाऊन येऊ देत, असंही वाटलं. आणि खरं सांगायचं तर ती आसनगावची खिडकी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

मग तोच प्रश्न आला, जो मी रोज लोकांना सोडवून देते. बाबा म्हणाले, पास. आई म्हणाली, तिकीट.

तिच्या दृष्टीने सगळी चूक पासाचीच होती. "पासाला उतरायचं ठिकान नसतं," ती म्हणाली. "त्याला कसं कळंल घर आलं? फिरतोय तो, आन फिरतच राहील. तिकिटावर गाव लिवलेलं असतं. त्याला तिकीटच पायजे."

मी लॅपटॉप उघडला. तिकीट काढायचं तर पहिलाच रकाना कुठून असा. आम्ही तिघं त्या रिकाम्या रकान्याकडे बघत बसलो. मी म्हणाले, झ्युरिक घालू, तिथेच सापडला ना तो. आईने मान हलवली. तिथे तो उतरला नव्हता, त्याला उतरवलं होतं. व्हिएन्ना म्हणावं तर तिथून तो धडधाकट निघाला होता. ज्या गावात त्याचा जीव गेला ते गाव माहीत नाही, आणि गाव माहीत नसताना जगातला कोणताही क्लार्क तिकीट देत नाही. हे मी पैजेवर सांगते.

शेवटी बाबांनीच मार्ग काढला. त्यांनी पासावर जायचं. ज्या गाडीत प्रणित होता त्याच गाडीने रोज जायचं-यायचं, मधल्या स्टेशनांवर उतरायचं, त्याला शोधायचं. जिथे सापडेल तिथून त्याचं सुटं तिकीट खिडकीवर काढायचं, कागदाचं, हातात धरता येईल असं. हे मात्र मला धंद्याच्या दृष्टीनेसुद्धा पटलं. गाव ठरलेलं नसेल तर पास, ठरलं की तिकीट. मेलेल्या माणसाला विमानात जागा मिळत नाही, तेव्हा तिथे प्रणितने बाबांच्या मांडीवर बसून यावं, लहानपणी एसटीत अर्ध्या तिकिटाचं वय होण्याआधी यायचा तसं, असं आईने ठरवलं. ते सांगताना ती हसली. पोरगा गेल्यापासून पहिल्यांदाच हसली, आणि मला रडू आलं.

प्रणितचा निळा चौकटीचा शर्ट बाबांनी बॅगेत घातला. पास मी त्यांच्या फोनमध्ये टाकून दिला, रोज सकाळी तो सुरू कसा करायचा ते शिकवलं. ते दुसऱ्या खेपेला चुकले नाहीत.

तिथून त्यांचा रोज फोन यायचा. इकडे दुपारची जेवणं उरकलेली असायची. ते त्याच गाडीत, खिडकीशेजारच्या जागेवर शर्ट ठेवून, त्याच्या बाजूला बसायचे. सांगायचे की गाडी स्वच्छ आहे, कोणी मोठ्याने बोलत नाही, पास बघायला येणारी बाई शर्टाकडे बघते पण काही म्हणत नाही. त्यांनी साल्झबुर्ग बघितलं, इन्सब्रुक बघितलं. प्रत्येक ठिकाणी फलाटावर उभं राहून त्याला हाक मारली. रोजचा शेवट एकच असायचा, इथं नाय. आई फोन कानाला लावून ऐकायची आणि मला परत द्यायची. अंगणातून त्याचं जाणं थांबलं नव्हतं.

माझी पक्की खात्री होती की पासाचे दिवस संपतील, बाबा थकून परत येतील, आणि आम्हाला हळूहळू विसरायची सवय लागेल.

मग तो फोन आला. बाबांचा आवाज अगदी हलका होता, शेजारी कोणी झोपेतून नुकतं उठलेलं असावं आणि त्याला त्रास नको, असा. स्वित्झर्लंडच्या हद्दीवर बुख्स नावाचं स्टेशन आहे. तिथे गाडीचा चालक एका टोकाला उतरून दुसऱ्या टोकाच्या केबिनमध्ये जाऊन बसतो आणि गाडी उलट्या तोंडाने निघते. आतापर्यंत पुढे तोंड करून बसलेली माणसं मागे मागे जाऊ लागतात. मार्ग तोच असतो, पण आत बसलेल्याला वाटतं की आपण आलो तिकडेच परत चाललो.

"तेवढ्यात जागा झाला गो," बाबा म्हणाले. "मला विचारतो, बाबा, गाडी परत घरी चालली का?"

मी फोन आईकडे दिला. आईने काहीच विचारलं नाही, फक्त म्हणाली की उतरवा त्याला तिथं आणि तिकीट काढा.

बाबा आले त्या दिवशी मी गाडी करून विमानतळावर जाणार होते. त्यांनी बजावलं की येऊ नको, आम्ही लोकलने येतो. आम्ही, असं म्हणाले. आसनगावहून रिक्षाने ते दारात उतरले तेव्हा दुपार होती. रिक्षाच्या सीटवर ते एका कडेला सरकून बसले होते, उरलेल्या जागेत शर्ट नीट घडी करून ठेवलेला. आई दारात भाकरीचा तुकडा आणि पाणी घेऊन उभी होती. तिने तुकडा ओवाळून टाकला. बाबांनी खिशातून प्रणितची तिकिटं काढून दिली, बुख्सपासून झ्युरिकच्या विमानतळापर्यंतचं एक आणि मुंबईहून आसनगावचं एक. आईने ती उंबऱ्यावर उभी राहून फाडली, बारीक तुकडे केले आणि मोठ्याने रडली. एवढ्या दिवसांत ती असं रडली नव्हती. घर एकदम भरल्यासारखं झालं. हे मी, काही न मानणारी, सांगते आहे. स्वयंपाकघरात, जिथे तो ओट्याला टेकून उभा राहायचा, तिथे मी वळून बघितलं आणि मला भीती वाटली नाही, बरं वाटलं.

मग आईने पदराने डोळे पुसून बाबांपुढे हात केला. तुमची तिकिटं द्या, म्हणाली.

"माझा पास होता ना," बाबा म्हणाले. "इथलापण हाय. पास असताना तिकीट कशाला काढायचं?"

आईचा हात तसाच पुढे राहिला, मग खाली आला. मला आधी हसू आलं. जन्मभर पासावर गेलेला माणूस, त्याच्या हाताला तिकीट काढायची सवयच नाही, दुसरं काय करणार? पण बाबा आत आले ते बॅग खांद्यावर ठेवूनच. खिडकीपाशी खुर्ची होती, तिच्यात बसले, बॅग मांडीवर घेतली. बूट काढले नाहीत. जेवायला बोलावलं तर म्हणाले की इथंच दे, जागेवर. रात्री तिथेच, गजांना डोकं टेकवून झोपले. प्रवासाचा शीण असेल म्हणून मी सोडून दिलं. पुढे रोज तसंच चाललं. बॅग कोणी उचलू गेलं तर ते दोन्ही हातांनी धरायचे. विचारलेल्याचं उत्तर द्यायचे, पण आधी जरा बाहेर बघून घ्यायचे, कुठलं स्टेशन आलं ते बघतात तसं. अंगणातून आता कोणी जात नव्हतं.

एका सकाळी मी त्यांच्यासमोर बसले आणि सरळ विचारलं की बाबा, तिथे नक्की काय झालं?

त्यांनी शांतपणे सांगितलं. प्रणित जागा झाला, पण उठेना. भरल्या गाडीतली जागा सोडली तर मिळत नाही, असं म्हणाला. बाबांच्या रोजच्या लोकलमध्ये त्यांच्या ग्रुपची वर्षानुवर्षांची रीत होती, अर्ध्या रस्त्यापर्यंत बसलेल्यानं उठायचं आणि उभ्यानं बसायचं. त्यावरून कधी भांडण झालं नाही.

"मी त्याला म्हनलो, अर्धा रस्ता तू बसलास, आता उठ, मी बसतो. तवा उठला."

मी त्यांना विचारलं की ती जागा नुसती रिकामी सोडून देता येत नाही का? त्यांनी माझ्याकडे बघितलं ते जरा कौतुकाने, पोरीला काही कळत नाही असं. मग म्हणाले की मी बरा आहे, खिडकीची जागा आहे, डोंगर दिसतात. त्यांचे डोळे मिटत आले होते.

आई दाराआडून सगळं ऐकत होती. मला वाटलं ती आता म्हणेल की बुख्सहून तुझ्या बापाचं तिकीट काढ. मी तयार होते. माझा पासपोर्ट करून मी स्वतः गेले असते, दोन तिकिटं काढली असती, पहिलं माझं. पण आई माझ्याजवळ येऊन बसली आणि आवाज खाली करून बोलली. त्यांना उठवून आणलं तर त्या जागेवर कोणाला तरी बसावंच लागणार, आणि ते तू असशील. तसं मी होऊ देणार नाही.

"तू माझा पास काढ," ती म्हणाली. "त्यांच्या शेजारची जागा मोकळी हाय ना?"

तिने उभ्या आयुष्यात पास काढला नव्हता. एसटीची तिकिटंसुद्धा ती घरी येईपर्यंत मुठीत घट्ट धरून ठेवायची. मी तिच्यावर ओरडले, मग रडले, मग म्हणाले की काढते. काढला नाही. दोन दिवसांनी तिने विचारलं तेव्हा खोटंच सांगितलं की काढला, तुझ्या नावाने.

तिला खोटं कळतं, हे मी विसरले असं नाही. पण या वेळी तिने माझ्याकडे बघितलंच नाही. पायात चपला घातल्या, पिशवीत एक लुगडं घेतलं आणि बाबांच्या शेजारी खुर्ची ओढून बसली.

आता संध्याकाळी मी ऑफिस बंद करून घरी येते तेव्हा दोघं खिडकीशी बसलेली असतात. बाबा झोपलेले, आई जागी. मी अंगणातून हाक मारते. आई मला बघून हसते आणि आतून हात हलवते, गाडी सुटताना हलवतात तसा. मीही हलवते. दार लावायला दोघांपैकी कोणी उठत नाही, म्हणून सकाळी मीच बाहेरून घातलेलं कुलूप मग काढून आत जाते आणि भात टाकते.